संकल्पना नकाशा काढताना बाणावर काय लिहावे?

‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा स्वाध्यायातला प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांच्या परिचयाचा आहे. मधल्या चौकटीतून निघालेल्या रेषांच्या टोकाशी योग्य शब्द भरले की उत्तर पूर्ण होते. जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात, मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते हे मुलाखतींतून अभ्यासताना जो संकल्पना नकाशा तयार केला, त्यात मात्र रेषेवरही शब्द लिहावा लागतो, आणि माझ्या मते या साधनाचा प्राण त्या शब्दातच आहे.

सुरुवात विषयाने न करता प्रश्नाने करावी. ‘प्रकाशसंश्लेषण’ असे शीर्षक दिले तर मुले पाठ केलेल्या व्याख्येचे तुकडे मांडतात. ‘रोपाचे झाड होते तेव्हा वाढलेले वजन कुठून येते?’ असे विचारले की विचार सुरू होतो. मग मुलांकडूनच पंधरा-वीस शब्द काढून घ्यावेत: पान, मुळे, पाणी, क्षार, हरितद्रव्य, पर्णरंध्रे, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज, ऑक्सिजन. हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहावेत, म्हणजे ते हलवता येतात. व्यापक संकल्पना वर आणि विशिष्ट संकल्पना खाली, अशी ढोबळ मांडणी पुरेशी आहे.

यानंतरच्या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण काढून त्यावर असा शब्द लिहायचा की तिन्ही मिळून खरे-खोटे ठरवता येईल असे विधान तयार व्हावे. ‘मुळे’ आणि ‘अन्न’ यांच्यामध्ये नुसती रेष असेल तर शिक्षकाला काहीच कळत नाही. पण मुलाने बाणावर ‘मातीतून शोषतात’ असे लिहिले, तर झाड मातीतून तयार अन्न घेते हा त्याचा गैरसमज लगेच दिसतो, जो व्याख्या अचूक लिहिणाऱ्या मुलाच्याही मनात असू शकतो. अशा वेळी बाण खोडून न देता ‘मग ग्लुकोज कशापासून बनते?’ असे विचारावे आणि दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. ‘संबंधित आहे’ हा जोडशब्द मात्र स्वीकारू नये; त्याने काहीच सांगितले जात नाही.

शेवटी नकाशाच्या दूरच्या भागांना जोडणारे आडवे दुवे शोधायला सांगावे. पाणी कमी पडले की पर्णरंध्रे मिटतात आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो, हा दुवा ज्या मुलाला स्वतःहून सापडतो, त्याला मुळांचा आणि पानांचा धडा एकत्र समजला आहे असे खुशाल मानावे.

फळ्यावर शिक्षकाने आयता काढलेला आणि मुलांनी उतरवून घेतलेला नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. गुण देताना चौकटी न मोजता खरी विधाने मोजावीत. पहिला कागद जपून ठेवावा, आठवड्याने त्याच प्रश्नावर कोऱ्या कागदावर नवा नकाशा काढून घ्यावा आणि कोणते बाण बदलले, का बदलले, हे मुलालाच सांगू द्यावे.