शेवटच्या पंगतीलाही शिरा

पंचवटीतल्या आमच्या भंडाऱ्यात पहिल्या पंगतीच्या पानात शिऱ्याचा ढीग, आणि शेवटी बसणाऱ्या वाढप्यांना, भांडी घासणाऱ्या मावशींना नुसता वरणभात. मला ते बघवेना. यंदा शिरा उतरवताच पंगतीगणिक वेगळ्या पातेल्यांत काढून झाकला, सगळ्यांच्या हाती एकाच मापाचे डाव दिले. पहिलं वाढप बेताचं, मग हवं त्याला आग्रह. पानात टाकणं बरंच कमी झालं.

मसालेभाताची काळजी वेगळी. तो ६० अंशांखाली तासन्‌तास राहिला तर जिवाणू वाढतात, आणि काहींचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून पातेलं मंद आचेवरच ठेवलं, बादलीत थोडाथोडाच भात काढला. पुऱ्या चिमट्याने वाढल्या. देणगीपेटीवरच्या मुलांना वाढायला घेतलं नाही. नोटा मोजलेले हात अन्नाला नकोत.