अँकर हाडावर बसवा, गालावर नको

धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर ओढणारा हात चेहऱ्यावर जिथे टेकतो, तो अँकर. बांबूच्या किंवा साध्या लाकडी धनुष्याला साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नसते. बंदुकीच्या हिशेबाने बाणाचं टोक म्हणजे माशी आणि अँकर म्हणजे मागची खाच. खाचच हलती असेल तर नेम कितीही धरा.

किती फरक पडतो, तो हिशेब करून बघा. बाण ७१ सेंटीमीटर ओढलेला आहे आणि त्याचं मागचं टोक नेहमीपेक्षा ६ मिलिमीटर खाली बसलं. १८ मीटरवर बाण जवळजवळ १५ सेंटीमीटर वर जाईल. ४० सेंटीमीटरच्या टार्गेटवर एक रिंग २ सेंटीमीटरची, म्हणजे दहा गुणांचा बाण थेट तीन गुणांवर. नेम चुकला म्हणून आपण डोळ्याला दोष देतो, पण बहुतेक वेळा घोळ हाताचा असतो.

जागा ठरवण्याआधी धनुष्याचं वजन, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, बघा. नव्या मोठ्या माणसाला २५ ते ३० पौंड भरपूर झाले. पूर्ण ओढून पाच-सात सेकंद न थरथरता थांबता येत नसेल तर अँकर बसणारच नाही. हात गालापर्यंत पोचायच्या आधीच बाण सुटेल. आपल्याकडे जड धनुष्य ओढण्याची हौस दांडगी, पण ती नंतर भागवा. तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबवर सराव करा. बाण न लावता ओढलेली दोरी मात्र कधीही सोडू नका, धनुष्य तुटतं.

आता जागा. तर्जनी बाणाच्या वर आणि मधली दोन बोटं खाली अशी पकड असेल, तर तर्जनीचं टोक ओठाच्या कोपऱ्यावर आणा. पण ओठाच्या कातडीवर विसंबू नका, ती हसलं तरी सरकते. ओठाखालचा वरचा सुळा बोटाला लागला पाहिजे. तिन्ही बोटं बाणाखाली धरत असाल तर काहीजण मधलं बोट सुळ्यावर आणतात. त्यामुळे बाण डोळ्याच्या आणखी जवळ येतो आणि जवळच्या अंतरावर नेम सोपा जातो. त्यासाठी दोरीवरची नॉकची (बाणाची मागची खाच बसते तिथली) खूण बहुधा थोडी वर घ्यावी लागते. दोन्हींतलं काहीही निवडा, पण एकदा निवडल्यावर अधूनमधून बदलू नका.

एकच टेकण पुरेसं नाही. सुळ्यावर बोट, जबड्याच्या कोनामागे अंगठ्याचा सांधा आणि नाकाच्या शेंड्याला दोरी किंवा बाणाचं पीस, यांतली निदान दोन टेकणं तरी हवीत. प्रत्येकाचा जबडा वेगळा, म्हणून मित्राचा अँकर उसना घेऊ नका. कुठे बसतो ते डोळे मिटून बघा: मान सरळ ठेवून आधी टार्गेटकडे वळा, मग दोरी चेहऱ्याकडे आणा. डोकं दोरीकडे नेलंत की रोज नवा अँकर. कोपर बाणाच्या रेषेत मागे जायला हवं. ते बाहेर राहिलं तर हात गालापासून सुटतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो.

दात हलके मिटलेले असू द्या. अंगठा जबड्याला टेकलेला असताना तोंड उघडलं की जबड्याबरोबर हातही खाली येतो आणि बाण वर जातो. निपाणीकरांनी रागावू नये, पण गालात तंबाखूची गोळी असली तरी अँकर बदलतो.

तपासायची सोपी रीत अशी. तर्जनीच्या टोकाला, टॅब (बोटांना दोरी लागू नये म्हणून घालतात ते कातडं) वापरत असाल तर त्याच्या कडेला, ओली हळद लावा. डोळे मिटून ओढा, टेकवा आणि दोरी बोटांतून न सोडता हळूच परत आणा. असं पाचदा करून आरशात बघा. डाग एकावर एक पडले तर ठीक. पसरले असतील तर कुठल्या दिशेने, ते ओळखा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक वेळी धनुष्यापाशी बाणावर पेनने खूण करायला सांगा. खुणांत एक सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर ओढ कमी-जास्त होते आहे. ३५-४० पौंडांच्या धनुष्यात एका इंचाला दोन-अडीच पौंड वाढतात, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण एक पौंड. ओढ कमी पडली की बाण खाली.

हे जमलं की भाताच्या पेंढ्यांची जाड गंजी लावा. मागे वाट किंवा वस्ती नको. दोन-तीन मीटरवर उभे राहा, टार्गेट लावू नका. गंजीकडे रोखून धरल्यावरच डोळे मिटा आणि मारा. रोज २०-२५ बाण पुरेत. थकल्यावर मारलेला प्रत्येक बाण चुकीचा अँकर घोटवतो. दोन-तीन आठवड्यांनी हळूहळू मागे सरका.

खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात बांबू ओल धरतो आणि धनुष्य मऊ पडतं, पिसंही भिजून चिकटतात. तेव्हा बाण खाली जाऊ लागले तर अँकर बदलू नका, आधी धनुष्य सावलीत वाळवा. रेनकोटची कॉलर आणि बेळगावच्या थंडीतला मफलर दोरीत अडकतात, ते आधीच आवरून घ्या. दाढी वाढवली किंवा उतरवली, चष्मा बदलला, तर हळदीची चाचणी पुन्हा एकदा घ्या.