पोरांना बिग बँड ऐकवायचाय? आधी खाली वाकायला लावा

माझी मुलगी साडेपाच वर्षांची. बिग बँड म्हणजे ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम असा जॅझ वाजवणारा मोठा ताफा, पण पहिले दोन महिने 'जॅझ' हा शब्दच मी तिच्यासमोर काढला नाही. नुसतं ग्लेन मिलरचं 'इन द मूड' लावलं, १९३९ चं. शेवटाकडे तीच सुरावट पुन्हा पुन्हा येते, दर खेपेला आणखी हळू आवाजात. आवाज उतरेल तसं तिने वाकत जायचं, पार जमिनीला टेकायचं. मग ट्रंपेट एकदम कडाडतात, तेव्हा उडी! पहिल्या दिवशी अकरा वेळा लावलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, तेव्हा थांबलो.

सुरुवातीला तीन-साडेतीन मिनिटांचीच गाणी निवडा. बेनी गुडमनचं 'सिंग, सिंग, सिंग' आठ मिनिटांच्या वर जातं. ते जीन क्रुपाच्या ड्रमसाठी, डबे-पातेली हाताशी असतील तेव्हाच.

एक-दोन-तीन-चार मोजत टाळी दोन आणि चारवर. आपल्याकडच्या पोरांचा हात एकवरच पडतो. पडू दे, हळूहळू वळतो.

ड्यूक एलिंग्टनचे वादक ट्रंपेटच्या तोंडाशी चक्क मोरी तुंबल्यावर वापरायच्या पंपाची रबरी वाटी धरून 'वाव्-वाव्' आवाज काढायचे. हे ऐकून आमची हसून लोळली. मुलांना तोंडावर स्टीलची वाटी उघड-मीट करत 'आऽऽ' म्हणायला सांगा, लगेच कळतं.

आजी-आजोबांसाठी 'अलबेला', १९५१. संगीत सी. रामचंद्रांचं, आणि गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यात बँडसकट पडद्यावर दिसतात. आमच्या आईचा पाय पहिल्यांदा हलला तो तिथे.