पीएम २.५ चा आराखडा करताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर ही तिन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. त्यामुळे पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, कमी करायचे आराखडे करायला नवी मुलं येत राहतात, चुका मात्र जुन्याच.

पहिली चूक माझ्या डोक्यात जाते. एका शहरात (नाव राहू द्या) वार्षिक सरासरी घनमीटर हवेत ३६ मायक्रोग्रॅम आली. आपला वार्षिक निकष ४० चा, म्हणून पेढे वाटले. मीही एक खाल्ला आणि मग फाईल उघडली. डिसेंबर-जानेवारीचे रकाने कोरे! विचारलं तर म्हणे, ‘‘सर, यंत्राचा हवा ओढणारा पंप बिघडला होता, दुरुस्तीवाला आलाच नाही.’’ अरे बाबा, थंडीतच तर रात्री वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो, वारा पडतो आणि धूर खालीच कोंडतो. तेच महिने गायब! दहा महिन्यांची सरासरी ३६ आणि उरलेल्या दोन महिन्यांची ७८ धरली, तर वर्षाची होते ४३. म्हणजे नापास. पेढ्यांचा खोका तसाच टेबलावर पडून होता.

तेव्हापासून सरासरी बघण्याआधी मी महिन्यागणिक नोंदी मोजतो. आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ असं निकषातच लिहिलंय, पण वाचतं कोण? आणि दिवाळीआधी जादा पंप माझ्या गाडीच्या डिकीत असतोच.

२४ तासांचा निकष ६० चा आहे. वर्षातले २ टक्के दिवस तो ओलांडला तर चालतो, पण लागोपाठ दोन दिवस नाही. हे विसरू नका.

दुसरी लाडकी चूक म्हणजे पाणी मारणं. रस्त्यावरची धूळ बहुतेक जाडी असते. पाण्यानं पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) थोडा बसतो, फोटोही छान येतात. पीएम २.५ येतो मुख्यतः जळण्यातून: पेटवलेला कचरा, डिझेल, वीटभट्ट्या, बेकरीचं लाकूड, कारखान्यांच्या भट्ट्या, शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्या. शिवाय सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अमोनिया मिळून हवेतच नवे कण तयार होतात. त्यांना टँकर काय करणार? आणि आपल्याकडं उन्हाळ्यात गावोगाव प्यायलाच टँकर लागतात, तिथं रस्ते कशानं धुता? मी आराखड्यात पहिलं पान जाळपोळीचं ठेवतो. रात्री दहानंतर वॉर्डात स्वतः एक चक्कर मारली की कुठं काय पेटतंय ते नाकाला कळतं.

आराखडा मनपाच्या हद्दीपुरता करू नका. वाळूज एमआयडीसी हद्दीबाहेर, पण वारा तिकडून फिरला की धूर शहरातच.

हवा मोजायच्या यंत्राखाली वड्याची गाडी नाही ना, बघा.

राहिला फिल्टर, म्हणजे यंत्रात कण अडकवणारी चकती. मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे २४ तासांत साधारण २४ घनमीटर हवा त्यातून जाते. हवेत नेमके ६० मायक्रोग्रॅम असले, तर फिल्टरवर जेमतेम १.४ मिलिग्रॅम बसतं. बोटाचा तेलकट ठसा उमटला की वजन गेलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ठरलेल्या तापमानात नि आर्द्रतेत २४ तास ठेवूनच तोलायचं. ‘‘सर, लवकर रिपोर्ट हवाय’’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडं उत्तर नाही. परवा एक जण भजी खाल्लेल्या हातानंच फिल्टर उचलायला निघाला होता. त्याला हात धुवायला नाही, चिमटा शोधायला पाठवला.