रेकॉर्ड झालेल्या गाण्यातला सूर सॉफ्टवेअरने कसा सुधारावा

टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, मनासारखा झालाय, शब्दांतला भाव उतरलाय, पण दोन-तीन जागी सूर लागलेला नाही. पुन्हा गाऊन सूर मिळेल, पण तो भाव पुन्हा मिळेलच असं नाही. पिच करेक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं, खरं उपयोगी पडतं ते अशा वेळी.

आधी सगळ्या टेकमधून चांगल्या ओळी निवडून एक सलग ट्रॅक जोडा. डगमगणारी ओळ दुसऱ्या टेकमध्ये सुरात असेल तर सरळ तीच घ्या. मूळ ट्रॅकची एक प्रत म्यूट करून बाजूला ठेवा. पुढे तिची गरज पडतेच. दुरुस्तीसाठी आवाज कोरडा हवा. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार सम करणारा) हे सगळं नंतर. सॉफ्टवेअर लहरींची आवर्तनं मोजून स्वर ओळखतं. रिव्हर्बमुळे मागचा स्वर पुढच्या स्वरावर रेंगाळला की हे मोजमाप चुकतं. हेडफोनमधलं संगीत माइकमध्ये झिरपलं असेल तरी तोच त्रास.

आता पद्धत निवडा. पहिली आपोआप चालणारी. तिचं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे 1997 साली आलेलं ऑटो-ट्यून. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं विश्लेषण करत असत. तेच गणित त्यांनी आवाजाला लावलं. या पद्धतीत गाण्याची पट्टी आणि स्केल नीट भरणं सर्वांत महत्त्वाचं. स्केल क्रोमॅटिक ठेवलं तर बाराही स्वर मोकळे राहतात. लागून असलेल्या दोन स्वरांत 100 सेंटचं अंतर असतं; सेंट हे सुरातलं अंतर मोजायचं एकक. गायक 50 सेंटपेक्षा जास्त खाली उतरला, की सॉफ्टवेअर त्याला वर घेण्याऐवजी खालच्या चुकीच्या स्वरावर नेऊन बसवतं.

मग रीट्यून स्पीड, म्हणजे चुकलेला सूर किती वेळात जागेवर आणायचा. हा आकडा शून्याकडे नेला की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि यंत्रासारखा वाटतो. तो परिणाम मुद्दाम हवा असेल तर जरूर वापरा. नैसर्गिक आवाजासाठी 20 ते 50 मिलिसेकंदांच्या आसपास सुरुवात करून कानाने ठरवा.

दुसरी पद्धत हाताने करायची. मेलोडाइनमध्ये, लॉजिकच्या फ्लेक्स पिचमध्ये किंवा क्यूबेसच्या व्हॅरीऑडिओमध्ये प्रत्येक स्वर पडद्यावर दिसतो आणि तो वर-खाली सरकवता येतो. वेळ जास्त जातो, पण एकल गायनासाठी माझी पसंती याच पद्धतीला आहे, कारण इथे कुठे हात लावायचा हे आपण ठरवतो.

आणि ते ठरवायचं कानाने. पडद्याकडे न बघता, पूर्ण संगीतासह गाणं ऐका आणि जिथे खटकलं तिथेच खूण करा. नुसता आलेख बघत बसलात तर प्रत्येक स्वर थोडा वाकडा दिसेल आणि सगळेच सरळ करण्याचा मोह होईल. मी एकदा एक आख्खं गाणं असं सरळ केलं. सूर अचूक झाले आणि गायिकेची ओळखच पुसली गेली. शेवटी बाजूला ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा सुरुवात करावी लागली.

खूण केलेल्या स्वराचा आधी फक्त मध्य हलवा. 10-15 सेंटची चूक पटकन निघून जाणाऱ्या स्वरात कानाला क्वचितच खुपते. लांबवलेल्या स्वरात, विशेषतः ओळीच्या शेवटी, तीच बोचते. लांब स्वर शेवटाकडे उतरत गेला असेल तर पूर्ण स्वर न उचलता फक्त ती घसरण कमी करा. कंपन शक्यतो तसंच ठेवा. खालून स्वराला भिडणं, मींड, मुरकी यांत सूर वाटेतल्या जागांवर असायलाच हवा. सॉफ्टवेअरला मात्र ती चूक वाटते. अशा जागांचे तुकडे पाडू नका. आपोआप चालणारं प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम) असेल तर तेवढ्यापुरतं ते बंद ठेवा. 'स', 'श' आणि श्वास यांना सूरच नसतो. त्यांना ओढलं तर आवाज कर्कश होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. सॉफ्टवेअरचे स्वर मूळ सेटिंगमध्ये कीबोर्डच्या समान अंतरांवर बसवलेले असतात. तिथे शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. तंबोऱ्याशी मिळणारा गंधार साधारण 386 वर. गाण्यात तंबोरा किंवा तसाच अखंड षड्ज असेल आणि गायकाचा गंधार पडद्यावर 14 सेंट खाली दिसत असेल, तर तो सुरातच आहे. त्याला हात लावू नका.

एकावर एक गायलेल्या ट्रॅकमध्ये मुख्य आवाज आधी नीट करा, मग बाकीचे त्याला जुळवा. पण सगळे तंतोतंत सारखे करू नका. त्या छोट्या फरकांमुळेच आवाज भरीव वाटतो.

शेवटी प्लगइन चालू-बंद करत मूळ आणि दुरुस्त आवाज पाठोपाठ ऐका, जमल्यास दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी. कुठे यंत्र जाणवलं तर आधी दोन स्वरांमधला जोड तपासा. तिथली दुरुस्ती सैल केली की बहुतेक वेळा आवाज मोकळा होतो. मग ट्रॅक रेंडर करा, म्हणजे दुरुस्तीसकट नव्याने साठवा, आणि कॉम्प्रेसर लावायला घ्या.