समुद्री शेवाळातलं प्रतिजैविक शोधताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत आमच्या ठाण्यातल्या कॉलेजची मायक्रोबायोलॉजीची लॅब समुद्राच्या वासाने भरून जाते. टीवायची दोघं-तिघं दरवर्षी हाच विषय घेतात, समुद्री शेवाळातली प्रतिजैविक द्रव्यं. मग एखाद्या सकाळी कुणीतरी प्लेट उंचावत येतं, "मॅडम, १८ मिमीचा झोन आला!" झोन म्हणजे अर्क लावलेल्या कागदी डिस्कभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. तो आनंद मला फार आवडतो. तरी माझी नजर आधी नुसत्या मेथनॉलची, म्हणजे ज्यात अर्क काढतात त्या द्रावकाची, डिस्क शोधते. बऱ्याचदा ती ठेवलेलीच नसते.

मेथनॉल स्वतःच जंतू मारतं. अर्काची डिस्क ओलसर असतानाच अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जंतू वाढवायच्या जेलीवर, ठेवली, तर झोन कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. डिस्क पूर्ण सुकवा. तेवढंच मेथनॉल टाकून तेवढाच वेळ सुकवलेली दुसरी डिस्क त्याच प्लेटवर ठेवा. डीएमएसओ हे दुसरं द्रावक तर सहजी उडून जात नाही, त्यामुळे ते वापरलं तर त्याची वेगळी डिस्क हवीच. आणि डिस्कचाच व्यास ६ मिमी असतो. वहीत 'झोन ६ मिमी' लिहिलं असेल, तर झोन आलेलाच नाही.

बहुतेक प्रोजेक्ट मात्र प्लेटपर्यंत पोचण्याआधीच बिघडलेले असतात.

ऐरोली, वाशी जवळ पडतं म्हणून मुलं ठाणे खाडीवर जातात. शेवाळाला धरून राहायला खडक लागतो आणि आपली खाडी चिखलाची. बांधाच्या दगडांवर अल्वा हे हिरवं शेवाळ मिळतं, पण ते सांडपाण्यात वाढलेलं. शिवाय खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. सरगॅसम किंवा पडिना ही तपकिरी शेवाळं हवी असतील तर रत्नागिरी, मालवणकडचे खडकाळ किनारे गाठा, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जा आणि खडकाला चिकटलेलंच घ्या. वाळूत वाहून आलेलं शेवाळ कधीपासून कुजतंय, कळत नाही.

एका वर्षी दोन मुलींनी नमुना बंद प्लास्टिकच्या पिशवीत भरून रात्रीच्या गाडीने आणला. ठाण्याला उतरेपर्यंत तो चिकट झाला होता. तोच वाळवून अर्क काढला आणि झोन झकास आला. पुढच्या महिन्यात त्याच खडकावरचं ताजं शेवाळ आणलं, तर काहीच नाही. पहिला झोन शेवाळाचा होता की त्यावर माजलेल्या जंतूंचा, हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सहा महिन्यांची मेहनत होती ती. म्हणून नमुना थर्माकोलच्या खोक्यात, बर्फावर आणा, पण बर्फाचं गोडं पाणी त्याला लागू देऊ नका. किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्याने खळबळून घ्या, लॅबमध्ये गोड्या पाण्याचा एकच झटपट हात द्या. तासभर भिजत ठेवलं तर पाण्यात विरघळणारी द्रव्यं निघून जातात. गच्चीवरच्या उन्हातही वाळवू नका, सावलीत वाळवा. ॲस्पॅरॅगॉप्सिससारख्या लाल शेवाळातलं ब्रोमोफॉर्म तर उडून जाणारं आहे, तिथे ताज्या शेवाळाचाच अर्क घ्यावा.

शेवाळाच्या अंगावरच्या जंतूंकडे दुर्लक्ष होतं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. त्यातले कित्येक स्वतःच प्रतिजैविकं बनवतात. पृष्ठभागावरून स्वॅब (निर्जंतुक कापसाचा बोळा फिरवून नमुना) घ्या, ते जंतू वेगळे वाढवा, त्यांचीही चाचणी करा. श्रेय जंतूंचं निघालं तर हिरमुसू नका. १९४५ साली सार्डिनियात सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यातून ब्रोत्झू या इटालियन संशोधकाने एक बुरशी मिळवली आणि तिच्यातूनच पुढे सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविक आलं.

झोन आला नाही म्हणून शेवाळ फेकून देणं हीसुद्धा चूकच. तपकिरी शेवाळातल्या फ्युकॉयडनसारखे मोठे रेणू अगारमधून नीट पसरत नाहीत. ऑस्ट्रेलियाकडच्या डेलिसिया पुल्क्रा या लाल शेवाळातली फ्युरॅनोन नावाची द्रव्यं जंतूंना मारण्याऐवजी त्यांचे आपसातले रासायनिक निरोप अडवतात, त्यामुळे शेवाळावर जंतूंचा थर जमत नाही. प्लेटवर हे दिसणार कसं? अशा वेळी द्रव माध्यमात अर्क पातळ करत जा आणि जंतू कुठवर वाढत नाहीत ते बघा. हिरव्या अर्कामुळे जंतूंच्या वाढीचा गढूळपणा मोजणं फसतं, तिथे रेझाझुरिन हा रंग वापरा, जिवंत जंतू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. इथेही जंतूंशिवाय नुसत्या अर्काची एक नळी ठेवा.

झोन लहान-मोठे येत असतील तर आधी अगारची जाडी मोजा, ४ मिमी हवी. जंतूंची घनता ०.५ मॅकफारलंडशी (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाशी) जुळवा. आणि हो, हा अगारही लाल शेवाळातूनच येतो, हे मी पोरांना दरवर्षी आवर्जून सांगते.

तुलना करताना घाई नको. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कमध्ये औषध असतं १० मायक्रोग्रॅम. तुमच्या डिस्कवर २ मिलिग्रॅम कच्चा अर्क असेल, तर ते वजनाने २०० पट झालं. झोन सारखे आले म्हणून 'जेंटामायसिनइतकंच प्रभावी' असं लिहू नका.

हे घरापर्यंतही पोचतं. सोसायटीतल्या एका काकूंनी मला विचारलं, "लघवीच्या इन्फेक्शनला गोळ्यांऐवजी शेवाळाची कॅप्सूल चालेल का गं?" नाही चालणार, काकू. प्लेटवर जंतू मेले म्हणजे पोटातून रक्तात जाऊन ते द्रव्य तिथवर पोचेलच असं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. काही तपकिरी शेवाळांच्या चिमूटभर पुडीतही त्याहून कितीतरी जास्त असतं. आयोडीनचा थेट संबंध थायरॉईडशी, आणि काकूंची तर थायरॉईडची गोळी चालू होती. कॅप्सूलची बाटली पर्समध्ये टाकून त्या त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आल्या.