जपानी चित्रातला वाकाशू कसा ओळखायचा

गेली बारा वर्षं मी पुण्यात जपानी शिकवतोय. एकदा तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, जुन्या जपानात आमच्यासारख्यांना, म्हणजे गे मुलांना, मान होता ना?" हो म्हणावंसं फार वाटलं. पण नुसत्या 'हो'नं भागणारा हा विषय नाही. मग आम्ही दर शनिवारी एकत्र वाचायला बसू लागलो. तिथे बसलेली पद्धत सांगतो.

सुरुवात केसांपासून करा. एदो काळातलं (१६०३ ते १८६८) ठशाचं एखादं चित्र, शक्यतो सुझुकी हारुनोबू या चित्रकाराचं, मोबाईलवर मोठं करून बघा. त्याची माणसं इतकी नाजूक की दोघीही बायकाच वाटतात. थेट डोक्याकडे जा. कपाळावरची बट शाबूत आणि तिच्या मागे टाळूवर थोडीशीच जागा भादरलेली असेल, तर तो वाकाशू: वयात आल्याचा विधी अजून न झालेला तरुण. त्या विधीला गेनपुकू म्हणतात. त्यात बट उतरली की तो पुरुषांत जमा. कपाळावर जांभळं फडकं दिसलं, तर तो काबुकी नाटकांत बायकांची कामं करणारा नट. १६२९ मध्ये बायकांना आणि १६५२ मध्ये कोवळ्या नटांना रंगमंचावर बंदी झाली, पुढे नटांना बट उतरवावी लागली. ती भादरलेली जागा झाकायला हे फडकं आलं.

आता शब्द. पुरुषांना पुरुषांबद्दल, विशेषतः अशा वाकाशूंबद्दल, वाटणाऱ्या ओढीला नानशोकू म्हणत, आणि सामुराईंमधल्या रीतीला शूदो. ज्युदोतला 'दो' तोच, म्हणजे मार्ग. याचं भाषांतर 'समलिंगी' असं करू नका. मी आधी तेच करायचो आणि त्यामुळे सगळा अर्थ बिघडायचा. समलैंगिकतेसाठीचा 'दोसेइआइ' हा शब्द विसाव्या शतकात रुळला. नानशोकूत एक मोठा आणि एक धाकटा असायचाच, वयानं आणि बहुधा दर्जानंही. बौद्ध मठांतले चिगो, म्हणजे भिक्षूंच्या सेवेतले मुलगे, तर पोरंच होती. हे आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. ते झाकून गौरव करायला बसू नका.

मग इहारा साइकाकूचं १६८७ चं 'नानशोकू ओकागामी' घ्या. चाळीस कथा आहेत. आधीच्या भागात बहुतेक सामुराई, नंतरच्या भागात काबुकीचे नट. दोन्हींतली एकेक वाचा: एकीकडे वचनासाठी जीव देणारे, दुसरीकडे पैशांचा हिशोब.

प्रत्येक मजकुरावर 'बोलतंय कोण?' हे लिहून ठेवा. ५ नोव्हेंबर १५४९ ला फ्रान्सिस झेवियरनं कागोशिमाहून गोव्यातल्या आपल्या सोबत्यांना लांबलचक पत्र लिहिलं. भिक्षूंच्या या पापाबद्दल त्यात संताप आहे, आणि ते नाकारतसुद्धा नाहीत, याचं आश्चर्यही. एका धर्मप्रचारकाची ही नजर आहे, पण तिच्यामुळेच कळतं की तिथे हे लपवण्यासारखं वाटत नव्हतं. जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये त्याच्या पार्थिवापुढे उभा राहिलो की मला दर वेळी ते पत्र आठवतं.

शेवटी कायदा. एदो काळानंतर आलेल्या मेइजी सरकारनं १८७२ मध्ये पुरुषांमधल्या संबंधाला गुन्हा ठरवलं, दुसऱ्या वर्षीच्या संहितेत नव्वद दिवसांची कैद आली. फ्रेंच धर्तीची नवी दंडसंहिता १८८२ मध्ये लागू झाली, तेव्हा ते कलम गळालं. तिरस्कार मात्र गळाला नाही, डॉक्टरांच्या पुस्तकांत तो 'विकृती' म्हणून शिरला. टोकियोतल्या शिबुया प्रभागानं २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना दाखले द्यायचं ठरवलं, पण लग्नाचा देशव्यापी कायदा अजून नाही.

हे सगळं एका रेघेवर मांडा. त्या मुलानं वहीत दोन रेघा ओढल्या, वर्षाला एक सेंटिमीटर. जपानची १८७२ ते १८८२, दहा सेंटिमीटर. खाली असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या आपल्या कलम ३७७ ची, १८६० ते २०१८. ती पानात मावेना, म्हणून तो डिंकानं पुढची पानं जोडत गेला.